सही एकाची, बांधले कोण?

मागच्या काही भागांत आपण लढाया पाहिल्या, तोफा मोजल्या. आज कागदाकडे वळू. कागद म्हटलं की आमच्या फौजी श्रोत्यांची बोटं पुढच्या व्हिडिओकडे जातात हे मला ठाऊक आहे, पण जरा थांबा. हा विषय सुरू होतो रणांगणापासूनच.

नोएडाच्या गोल्फ कोर्सात एक जुना दगडी स्तंभ उभा आहे. सकाळी गोल्फ खेळायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की तो ११ सप्टेंबर १८०३ च्या लढाईचं स्मारक आहे. इतिहासात तिला दिल्लीची लढाई म्हणतात, पटपडगंजची लढाई असंही नाव आहे. एका बाजूला जनरल लेक, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि त्यांच्यावर हुकूम लुई बुर्कँ या फ्रेंच माणसाचा. शिंद्यांची फौज हरली आणि काही दिवसांतच लेक दिल्लीत शाह आलम बादशहासमोर उभा राहिला. आता प्रश्न असा, की ही लढाई झाली कशामुळे? सैन्याच्या भाषेत कारणं पुष्कळ आहेत. पण कागदाच्या भाषेत कारण एकच आहे, आणि ते नोएडापासून हजारभर किलोमीटर दूर, वसईला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी घडलं. एका भागीदाराने सगळ्यांच्या वतीने सही केली.

यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ पेशवा आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले, कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला पोचले. तिथे त्यांनी कंपनीशी तह केला. कंपनीच्या किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. ही कलमं शाळेत शिकवतात. एक कलम मात्र सहसा शिकवत नाहीत, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. निजामाकडचं येणं आणि गायकवाडांकडचं येणं, या दोन्ही वादांत कंपनीचा लवाद मान्य, असं पेशव्यांनी लिहून दिलं. म्हणजे घरातला भांडणाचा निवाडा बाहेरच्याकडे सोपवला, आणि तोही घरातल्या कोणालाही न विचारता.

शिंदे आणि नागपूरचे भोसले यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला विचारलं का? इंग्रजांचं म्हणणंही तितकंच साधं: पेशवा मराठी राज्याचा प्रमुख आहे, त्याची सही म्हणजे सर्वांची सही. आता गंमत पाहा. पेशव्याचा अधिकार तरी कुठून आला? मूळ धनी सातारचे छत्रपती. शाहू महाराजांच्या अखेरच्या काळात आणि मग १७५० च्या सांगोल्याच्या करारात कारभाराची सूत्रं पेशव्यांकडे आली. म्हणजे पेशवा स्वतःच मुखत्यार, आणि शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले हे प्रत्येकी आपापल्या मुलखात जवळपास स्वतंत्र. या सगळ्यांना बांधणारा एकही असा कागद नव्हता, ज्यावर लिहिलंय की परक्या सत्तेशी तह कोण करील आणि कोणाच्या संमतीने करील.

वीस वर्षं आधी हेच प्रकरण फार शहाणपणाने हाताळलं गेलं होतं. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी पेशव्यांच्या वतीने ठरवला. पण नाना फडणविसांनी पुण्याहून त्यावर मंजुरी द्यायला डिसेंबर उजाडवला. मधल्या काळात तह होता आणि नव्हताही. बोलणी करणारा वेगळा, कायम करणारा वेगळा. नाना आणि महादजी यांचं एकमेकांशी किती जमत होतं हे आपण जाणतोच, तरीही ही व्यवस्था टिकली. १८०२ मध्ये नाना नव्हते, महादजी नव्हते, आणि मंजुरीची पायरीच गळून पडली होती.

मी हे इतकं सविस्तर का सांगतोय? कारण आज दिल्लीच्या न्यायालयांत, टिळक मार्गावर आणि शेरशाह रोडवर, याच धर्तीची भांडणं रोज चालतात. नावं बदलली. आता त्याला कन्सोर्टियम म्हणतात. मेट्रो, विमानतळ, महामार्ग, वीजप्रकल्प, एवढी मोठी कामं एकट्या कंपनीला झेपत नाहीत. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे तंत्र, तिसऱ्याकडे अनुभवाचा दाखला. मग तिघं मिळून निविदा भरतात. आपसात एक करार करतात, त्यातल्या एकाला लीड मेंबर म्हणजे अग्रणी भागीदार नेमतात, आणि बाकीचे त्याला मुखत्यारपत्र देतात. सरकारशी बोलणं, सही करणं, बिलं घेणं, सगळं त्याच्याकडे. आणि सरकार एक वाक्य हमखास घालतं: सर्व भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार राहतील. सोप्या मराठीत, सही एकाची, पण वसुली कोणाकडूनही आणि पूर्ण.

फौजेत असताना टेंडर बोर्डांवर मी बरीच वर्षं बसलो. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या प्रत्येक करारावर भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने अशी ओळ असते. नवख्या अधिकाऱ्याला त्याचं हसू येतं. पाण्याची टाकी दुरुस्त करायची आणि राष्ट्रपतींचं नाव! पण ती ओळ म्हणजे राज्यघटनेचं कलम २९९. केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने हवा आणि ज्याला अधिकार दिलाय त्याच माणसाने सही केलेली हवी. जागेवर काम करून घेणारा गॅरिसन इंजिनिअर वेगळा आणि करार स्वीकारणारा अधिकारी वेगळा, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तर म्हणेन, सालबाईची ती पायरी आम्ही फाइलीत जपून ठेवली आहे.

या कलमाची पहिली मोठी कसोटी लागली ती विड्यांवरून. हो, ओढायच्या विड्या. आणि प्रकरण आपल्या भंडाऱ्याचं.

१९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा लोकसभा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीवाल्या भागीदारी फर्ममध्ये भागीदार होते. ही फर्म जवानांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत असे. कायदा सांगत होता की सरकारशी माल पुरवठ्याच्या करारात ज्याचं हितसंबंध आहे, तो निवडणुकीला अपात्र. विरोधकांनी अर्ज केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा ते न्यायालय संसद भवनाच्या इमारतीत, नरेंद्र मंडळाच्या दालनात बसत असे. आजची इमारत १९५८ ची.

बचाव मोठा हुशारीचा होता. करार कुठे आहे? कँटीन स्टोअर्सच्या प्रशासन मंडळाच्या अध्यक्षांनी पत्रव्यवहाराने सगळं ठरवलेलं. राष्ट्रपतींचं नाव नाही, विधिवत दस्तऐवज नाही. कलम २९९ पाळलं नाही म्हणजे करारच नाही, आणि करारच नाही तर अपात्रता कसली? शिवाय मतदानाच्या सुमारास आपण फर्ममधून निवृत्त झालो, हाही मुद्दा होता.

१५ फेब्रुवारी १९५४ ला निकाल लागला. लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, त्यामुळे भंडाऱ्याची विडी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी व्यवहाराकडे पाहिलं. शेकडो सरकारी अधिकारी रोज लहानमोठे व्यवहार पत्राने, कधी तोंडीसुद्धा करतात. ते सगळे रद्दबातल म्हटले तर कारभारच थांबेल. नमुना पाळला नाही म्हणून असा करार सरकारवर लादता येणार नाही, पण म्हणून तो मुळातच अस्तित्वात नाही असंही नाही, आणि सरकार तो नंतर कायम करू शकतं. निवृत्तीचा मुद्दाही टिकला नाही. भागीदार आपसात ठरवून बाहेर पडला, तरी समोरच्या पक्षाशी झालेला करार दोन्ही बाजूंनी पुरा होईपर्यंत त्याचं बंधन सुटत नाही. जसानी अपात्र ठरले.

याच खटल्यात दुसरा एक मुद्दा होता, तो विषयाला सोडून आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गंगाराम थवारे या महार उमेदवाराचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता, कारण ते महानुभाव पंथात गेले होते. न्यायालयाने म्हटलं, पंथ स्वीकारला म्हणून त्यांची जात सुटली नाही, अर्ज फेटाळणं चूक. निवडणूक रद्द राहिली आणि मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. तीच ती पोटनिवडणूक, जिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. ज्यांच्या देखरेखीखाली घटनेचा मसुदा झाला, त्या माणसासमोर ही निवडणूक आली ती कलम २९९ चा कीस काढणाऱ्या खटल्यातून. इतिहास असे वळसे घेतो.

बोस यांची ही सवलत पुढे आवळली गेली. १९६१ च्या जुलैत भिकराज जयपुरिया यांच्या खटल्याचा निकाल आला. प्रकरण १९४३ चं, ईस्ट इंडियन रेल्वेच्या दानापूर विभागाचं. विभागीय अधीक्षकाने कर्मचाऱ्यांसाठी धान्याच्या ऑर्डरी दिल्या, व्यापाऱ्याने काही धान्य पुरवलं, पुढचं रेल्वेने घेतलं नाही. न्यायालयाने विचारलं, करार विधिवत नमुन्यात केलाय का? केलेला नव्हता. व्यापाऱ्याचा दावा गेला. मात्र त्याच सुमारास पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात न्यायालयाने एक दार उघडं ठेवलं: करार विधिवत नसला तरी सरकारने काम करून घेतलं, त्याचा उपभोग घेतला, तर करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे वाजवी मोबदला द्यावा लागेल. आमच्या छावण्यांतल्या कंत्राटदारांना हे कलम पाठ असायचं. बाकी कायदा पाठ नसला तरी.

ही झाली सरकारच्या बाजूच्या सहीची कथा. आता भागीदारांच्या बाजूची.

१९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की प्रत्येक भागीदार फर्मचा मुखत्यार आहे. नेहमीच्या धंद्यात त्याने सही केली की फर्म बांधली जाते. पण कलम १९ च्या दुसऱ्या भागात एक यादी आहे, ती माझ्या फार आवडीची आहे. वेगळा करार किंवा धंद्याची तशी रूढी नसेल, तर एकटा भागीदार काय करू शकत नाही? फर्मचा वाद लवादाकडे सोपवू शकत नाही. फर्मचा दावा सोडून देऊ शकत नाही, त्यावर तडजोड करू शकत नाही. दाखल केलेला खटला मागे घेऊ शकत नाही. खटल्यात जबाबदारी कबूल करू शकत नाही. स्वतःच्या नावाने फर्मचं बँक खातं उघडू शकत नाही, स्थावर घेऊ-विकू शकत नाही, फर्मच्या वतीने दुसऱ्या भागीदारीत शिरू शकत नाही. पहिलीच नोंद लवादाची आहे. वसईच्या तहातलं ते कलम आठवा!

अर्थात कन्सोर्टियम म्हणजे हुबेहूब भागीदारी नव्हे. आणि गफलत इथेच होते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार मेजर, सातारा भागातले, निवृत्तीनंतर गुरुग्रामला राहिले. माती-खोदाईचा छोटा व्यवसाय. निवृत्तीचा पैसा दोन यंत्रांत घातलेला. एका मोठ्या कामासाठी ते तीन जणांच्या कन्सोर्टियममध्ये तिसरे झाले. मुखत्यारपत्रावर सही करायला त्यांना नोटरीकडे बोलावलं, चहा पाजला, सही झाली. वर्षभराने अग्रणी भागीदाराने मालकाशी तडजोड केली, जादा कामाचे सगळे दावे सोडून दिले, आणि ही बातमी यांना मोबाइलवर आलेल्या एका पीडीएफमधून कळली. खोदाईचं जादा काम यांचंच होतं. ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “साहेब, मी तर फक्त सही करायचा अधिकार दिला होता, सोडून द्यायचा नव्हता.” मी मुखत्यारपत्र वाचलं. त्यात तडजोडीचा शब्द होता, बाराव्या ओळीत, इंग्रजीत. तारखा अजून चालू आहेत. त्यांचा वकील म्हणतो, आपसातल्या करारात नफ्याची वाटणी वेगळी लिहिली आहे, म्हणून वसुली मालकाकडून नाही, भागीदाराकडून मागू.

न्यायालयं कन्सोर्टियमकडे कशी पाहतात? इथे एकच सूत्र सापडत नाही, हे आधीच सांगतो. १९९४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने न्यू होरायझन्स खटल्याचा निकाल दिला. हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरी छापायचं टेंडर. न्यू होरायझन्स ही संयुक्त उपक्रम म्हणून उभी केलेली कंपनी, मागे थॉमसन प्रेस, लिव्हिंग मीडिया आणि सिंगापूरची एक कंपनी. तिने सरकारला जवळपास ४ कोटी ६० लाख रुपये स्वामित्वधन देऊ केलं, तर ज्याला काम मिळालं त्याने ९५ लाख. तरी तिला बाद केलं, कारण अनुभव तिच्या स्वतःच्या नावावर नव्हता, भागीदारांच्या नावावर होता. दिल्ली उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र पडदा बाजूला सारून मागची माणसं पाहिली आणि म्हटलं, संयुक्त उपक्रमाचा अनुभव म्हणजे भागीदारांचा अनुभव. इथे न्यायालयाला एकात अनेक दिसले.

आणि २०१८ मध्ये अनेकांत एक दिसला. मुंबईची मोनोरेल तुम्हाला माहीत आहे. चेंबूर ते वडाळा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. काम लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांच्या कन्सोर्टियमकडे. एमएमआरडीएशी वाद झाले, लवाद नेमायचा प्रश्न आला. कन्सोर्टियमचं म्हणणं, आमच्यातली एक कंपनी मलेशियात नोंदलेली आहे, म्हणून हा आंतरराष्ट्रीय लवाद, आणि लवाद नेमायचा अधिकार थेट सर्वोच्च न्यायालयाचा. एमएमआरडीएचं म्हणणं, आम्ही स्कोमीशी नाही, कन्सोर्टियमशी करार केलाय.

३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन आणि न्यायमूर्ती सिन्हा यांनी कन्सोर्टियमचा अंतर्गत कागद उघडून पाहिला. अग्रणी कोण? लार्सन अँड टुब्रो. पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष कोण नेमतो? अग्रणी. कार्यालय कुठे? वडाळा. मुंबई उच्च न्यायालयाने आधीच म्हटलं होतं की एकत्र सही केल्यावर स्वतंत्र असल्याचा दावा करता येणार नाही. म्हणजे कन्सोर्टियम ही एक संघटना आहे, तिचं नियंत्रण भारतातून चालतं, म्हणून वाद देशी. अर्ज फेटाळला. मलेशियातला भागीदार होता, पैसे गुंतले होते, गाड्या त्याच्या होत्या, पण लवादाच्या कायद्यापुरता तो अग्रणीच्या सावलीत गेला. त्याच डिसेंबरात एमएमआरडीएने करार संपवून मोनोरेल स्वतः चालवायला घेतली.

या कटकटीतून सुटायला हल्ली काम मिळालं की कन्सोर्टियम स्वतंत्र कंपनीच काढतं. दिल्लीची विमानतळ मेट्रो घ्या, नवी दिल्ली ते द्वारका सेक्टर २१. रिलायन्स इन्फ्रा आणि स्पेनची काफ यांनी दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस ही कंपनी स्थापून तिच्या नावे २५ ऑगस्ट २००८ ला करार केला. तो करार पुढे १० एप्रिल २०२४ च्या क्युरेटिव्ह निकालापर्यंत लढला गेला, पण सही कोणाची हा वाद त्यात केंद्रस्थानी आला नाही. भांडण झालं ते कराराच्या समाप्तीवरून.

आणि सही न करणाऱ्याचं काय? ६ डिसेंबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध एसएपी या खटल्यात यावर निकाल दिला. लवादाच्या करारावर ज्याची सही नाही, तोही त्याला बांधला जाऊ शकतो. त्याचं वागणं पाहायचं, वाटाघाटीत, कामात, देवघेवीत तो कितपत होता ते पाहायचं, आणि सगळ्यांची तशी इच्छा होती का ते ठरवायचं. नुसतं एकाच उद्योगसमूहात असणं पुरेसं नाही. सुभेदार मेजर साहेबांच्या वकिलाने हा निकाल आपल्या बाजूने वापरायचं ठरवलंय. समोरच्यांनी तोच निकाल त्यांच्याविरुद्ध दाखल केला आहे.

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, वसईचा तह शिंदे-भोसल्यांवर बंधनकारक होता का? आजच्या कायद्याने पाहिलं तर पेशव्याला तसा अधिकार दिल्याचा कागद दाखवा, असं कोणताही न्यायाधीश म्हणाला असता. पण १८०३ मध्ये न्यायाधीश नव्हता. निवाडा असईला झाला, लासवारीला झाला आणि पटपडगंजला झाला. त्यानंतर १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी स्वतंत्रपणे सह्या केल्या. पुढच्या भागात या दोन तहांची कलमं समोर ठेवून बसू. प्रश्न असतील तर लिहून पाठवा.